दोन सुया

सिस्टरनं तिचं मनगट धरलं आणि एकेक बोट सोडवून मूठ उघडली. झालं ते एवढंच. पण शिवबाईची मूठ दुसऱ्या कुणी उघडण्याचा प्रसंग आजवर आला नव्हता. लग्नात नवऱ्यानं तिच्या मुठीतली सुपारी सोडवायचा खेळ खेळला होता, तेव्हाही तो हरला होता आणि तिच्या माहेरच्या, वळसंगच्या बायकांनी त्याला वर्षभर चिडवलं होतं. आणि आज ही कालची पोर, पांढऱ्या टोपीतली, चार परक्या खाटांच्या मध्ये उभी राहून तिची बोटं सोडवते काय, आणि मुठीत उरलेली साखर फरशीवर सांडून फिनेलच्या ओलीत विरून जाते काय. खाटेवर नीलव्वाच्या ओठांना अजून चार पांढरे कण चिकटलेले होते. तिच्या कपाळावरचा घाम ओसरत होता, डोळे जागेवर येत होते. डॉक्टर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. त्यानं हातातली काचेची नळी ट्रेमध्ये आडवी ठेवली आणि म्हणाला, "आजी, सगळं वाया गेलं."

"वाया काय गेलं? पोर शुद्धीवर आली की."

"तिची शुद्ध गेलीच नव्हती. तिची साखर उतरायलाच हवी होती. त्यासाठीच तर सुई दिली."

नीलव्वा म्हणजे तिच्या एकुलत्या एका मुलाची, विरुपाक्षाची, मुलगी. तेरावं सरत आलेलं, पण बघणाऱ्याला पाटी-पेन्सिलीच्या वयाची वाटावी. सातवीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि पाय खाली टेकायचे नाहीत. मंगळवार पेठेतल्या तिच्या बरोबरीच्या पोरी परकर सोडून साड्या नेसायला लागल्या, आणि हिचे मागल्या दिवाळीचे झगे या दिवाळीला बेतशीर बसत होते. लोक विचारायचे. लोकांना दुसरा धंदा काय! त्या प्रत्येकाला शिवबाईचं उत्तर तयार असायचं: माझ्यावर गेलीय. आणि त्यावर बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण शिवबाई स्वतःच अशी होती की धान्याच्या पोत्यांच्या थप्पीमागं उभी राहिली तर फक्त आवाज ऐकू यायचा. पण हा नवा डॉक्टर, मुंबईला शिकून आलेला, त्यानं घरातल्या सगळ्यांना उंचीच्या पट्टीखाली उभं करायचं काढलं. विरुपाक्ष उभा राहिला, सून चन्नम्मा उभी राहिली, ती तर अक्कलकोटाकडची, ज्वारीच्या ताटासारखी सरळ. शिवबाई उभी राहिली नाही. मी आजारी न्हाय, म्हणाली. डॉक्टर हसला आणि त्यानं कागदावर अंदाजानंच काहीतरी लिहिलं. मग त्यानं समजावून सांगितलं की मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते, वाढीचा रस तिच्यातून सुटतो, पण सहजासहजी नाही. तिला डिवचावं लागतं. एक सुई साखरेच्या आजारातली, तिनं रक्तातली साखर पडते, शरीर घाबरतं आणि त्या भीतीनं ग्रंथी रस सोडते. दुसरी सुई उलट्या वाटेनं जाते, आधी साखर चढवते, मग उतरवते, आणि तासा-दोन तासांनी ग्रंथीला जाग येते. एकीवर भरवसा ठेवायचा नाही, कारण चांगल्या धडधाकट पोरांची ग्रंथीसुद्धा एखाद्या सुईला दाद देत नाही. दोन्ही सुया द्यायच्या, दोन्हींचं रक्त बर्फात घालून मुंबईला पाठवायचं, आणि ताडून बघायचं. दोन्हींना दाद दिली नाही तर पोरीत रसच नाही असं धरायचं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात परदेशातून औषधाच्या मोजक्या कुप्या येतात, त्या अशाच पोरांना.

हे सगळं शिवबाईला कळलं होतं. दुसरीपर्यंत शिकलेली, तीही कानडी शाळेत, म्हणून डोकं दुसरीत राहिलं असं नाही. पोर उपाशी हवी म्हणाले, तिनं उपाशी ठेवली. सकाळी हातावर इष्टलिंग घेऊन पूजा झाली, नैवेद्याची साखर पोरीच्या तोंडात न घालता आपल्या पदराच्या टोकाला बांधली, की सगळं झाल्यावर देऊ. तिच्या घरातून कुणी नैवेद्य घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नसे, आणि नैवेद्य म्हणजे खाणं हे तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. खाणं भाकरीचं. नैवेद्य देवाचा. डॉक्टरांनी भाकरीला नको म्हटलं, देवाला कशाला म्हणतील? पण गाठ सोडली ती या हिशेबानं नव्हे. गाठ सोडली तो घाम बघून. पोरीच्या वरच्या ओठावर आधी बारीक थेंब आले, मग कपाळ ओलं झालं, हात गार पडला, आणि नीलव्वानं जांभई दिली. ती जांभई शिवबाईनं पाहिलेली होती. दुकानात, गादीवर, भर दुपारी, तक्क्याला टेकलेला तिचा नवरा गुरुबसप्पा असाच गार घामानं भिजला होता आणि त्यानं अशीच जांभई दिली होती, आणि माणसं डॉक्टरला आणायला पळाली होती, आणि ती त्याच्या समोर रिकाम्या हातांनी बसून राहिली होती. तेव्हाचे ते रिकामे हात. नंतर वर्षानुवर्षं त्या हातांनी वजनं उचलली, पोती शिवली, दांडगट हमालांच्या पाठीत धपाटे घातले, पण त्या दुपारी ते मांडीवर नुसते पडून होते, दोन उलट्या ठेवलेल्या वाट्यांसारखे. आज ते पडून राहिले नाहीत. यात चुकलं काय? कुणाला विचारायचं ते विचारा.

घरी यायला टांगा केला. गिरणीचा भोंगा झाला होता, सायकलींचा लोंढा चौकातून सुटला होता आणि टांगा मध्येच अडकून राहिला. नीलव्वा मध्ये बसलेली, आईच्या खांद्याला डोकं लावून. डॉक्टरनं सांगितलं होतं, पुन्हा करायचं तर आठवड्यानं या, नाहीतर नाव काढून टाकतो, कुप्यांसाठी थांबलेली पोरं पुष्कळ आहेत. शिवबाईनं तेव्हाच म्हटलं होतं, काढा. आता टांग्यात तिनं तेच पुन्हा म्हटलं, वाऱ्याला सांगितल्यासारखं, की माझी पोर म्हणजे काय बेंदराचा बैल हाय व्हय, सुया टोचून नाचवायला. चन्नम्मा सासूपुढं सोळा वर्षं हळू आवाजात बोलत आली होती. आत्ताही तिचा आवाज हळूच होता.

"अत्ती," ती म्हणाली, "नीलव्वा तुमच्यापरीस उंच झालेली तुमाला बघवणार न्हाय."

टांगा आधीच उभा होता, तरी तो पुन्हा एकदा थांबल्यासारखं शिवबाईला वाटलं. शिवबाईच्या घरात कानडी, दुकानात मराठी, आणि भांडण मात्र नेहमी मराठीत, कारण गिऱ्हाइकांशी भांडून भांडून धार त्या जिभेलाच लागली होती. सुनेनं तिच्याच हत्यारानं तिला कापलं होतं. चौक सुटला, टांगा हलला, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या घरांतून हातमागांचा खडखडाट आला आणि मागं पडला, आणि ते वाक्य मात्र सोबत येत राहिलं, भाडं न देता बसलेल्या उतारूसारखं.

रात्रभर झोप नाही असं ती कधी म्हणत नसे, झोप येत नाही हे रिकामटेकड्यांचं दुखणं. पण दुसऱ्या दिवशी दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या तिनं ते वाक्य पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं, मापात खडे बघावेत तसं. खोटं होतं ते. खोटं असतं तर एवढं टोचलं कशाला असतं? तिला आठवलं, सोलापूरहून पाहुणे बघायला आले होते तेव्हा तिच्या आईनं तिला चुलीजवळच्या ओट्यावर उभं केलं होतं, जणू तिथंच काही काम आहे. पाहुण्यांतली एक म्हातारी हुशार, म्हणाली, पोरी खाली ये की, पाणी दे. ती खाली आली. सगळ्या खोलीची नजर हातभर खाली उतरली, वरच्या फळीवरचा डबा काढून खालच्या फळीवर ठेवावा तशी. त्या वेळी तिनं ठरवलं की यापुढं कुणाकडं मान वर करून बघायचं नाही. ज्याला बोलायचंय तो वाकेल. आणि लोक वाकले! सासू वाकली, दीर वाकले. नवरा गेल्यावर दीर दुकान घ्यायला आले होते, तेव्हा ती गादीवर जाऊन बसली ती उठलीच नाही. बसल्यावर सगळी माणसं सारखी असतात, हे तिला त्या दिवशी कळलं. गुरुबसप्पालाही त्यांनी बसवूनच पुरलं होतं, लिंगायतांच्या रीतीप्रमाणं, आणि खड्डा ज्याचा त्याच्याच पावलानं मोजून. तिचं पाऊल एवढंसं. तिचा खड्डाही लहान असेल, खणणाऱ्याला कष्ट कमी. असला विचार मनात आला तरी तिला हसू यायचं, भीती नाही. पण हे सगळं एकटीनं. उभ्या आयुष्यात तिला वाकून बोलणारे भेटले, तिच्याशी उभ्यानं नजर भिडवणारं कुणी भेटलं नाही. आणि मग नीलव्वा. तीन-चार वर्षांपूर्वी, दुष्काळ सरला त्या सुमाराला, एका सकाळी शिवबाई दारात उभी होती आणि समोर नीलव्वा उभी होती आणि ती पोर जवळजवळ सरळ तिच्या डोळ्यांत बघत होती. शिवबाईच्या पोटात काहीतरी हललं होतं, बाळ हलतं तसं. आणखी बोटभर वाढली की झालं, तिनं मनात म्हटलं होतं. मग वर्ष गेलं, आणि पोर तेवढीच राहिली. आणखी वर्ष गेलं. सगळं घर काळजी करत होतं, आणि शिवबाई रोज सकाळी दारात उभी राहून बघत होती, आणि तिला काळजी वाटत नव्हती. तिला बरं वाटत होतं. हे चन्नम्मानं कधी ओळखलं? सून म्हणजे घरात ठेवलेला आरसा, पुसलेला असो नसो, दाखवायचं ते दाखवतोच.

मग करायचं काय? माफी मागायची? माफी मागायची सवय शिवबाईला नव्हती आणि या वयात लावून घ्यायची इच्छाही नव्हती. तिनं दुकानावर विरुपाक्षाला बसवलं, चप्पल घातली, आणि एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टर दुसऱ्या कुणाला तपासत होता. ती त्याच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसली. पाय अधांतरी राहिले, राहू देत. दोन्ही सुया द्या, पहिलीपासून, ती म्हणाली. आणि मी आत बसणार. डॉक्टर म्हणाला, आत कुणी बसायचं नाही, तुम्ही तर नाहीच. त्यावर शिवबाईनं त्याला सांगितलं की पोर माझी हाय, घाबरली तर माझ्याकडं बघणार, भिंतीकडं बघून कुणाचं भलं झालंय? मग डॉक्टर म्हणाला, पदराला काही बांधून आणायचं नाही. ती उठता उठता थांबली. या दोन सुयांतली बरी कुठली, तिनं विचारलं. दोन्ही प्रथिनांच्याच साखळ्या, तो म्हणाला, मण्यांची माळ असते तशा. पहिली लांब, दुसरी तिच्या निम्म्याहून थोडी जास्त. पहिलीनं काम पटकन होतं पण धोका जास्त. दुसरी सावकाश, उलट्या होतात, पण जिवाला तेवढी भीती नाही.

"मंजी आखूड माळसुद्धा काम करती."

"करते ना, आजी."

"मग ठीक," शिवबाई म्हणाली, आणि का कोण जाणे, परतताना तिची पावलं हलकी पडत होती.

पहिली सुई पुन्हा दिली तेव्हा तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले होते. पलीकडं चन्नम्मा. दोघींच्या मध्ये खाट. कोपऱ्यात सिस्टर साखरपाण्याची भरलेली पिचकारी घेऊन उभी, वेळ आलीच तर म्हणून, आणि शिवबाईनं ती पिचकारी पहिल्यांदाच नीट बघितली. मागल्या वेळीही ती तिथंच असणार. तेच थेंब आले वरच्या ओठावर. तोच गारवा. जांभई आली तेव्हा शिवबाईच्या हातांतून एक कळ खांद्यापर्यंत गेली, आणि तिच्या कानांत दुकानातली ती दुपार घुमायला लागली, कुणीतरी पळतंय, कुणीतरी पाणी आणा म्हणतंय, आणि गादीवरच्या पांढऱ्या खोळीवर घामाचा डाग पसरत चाललाय. तिनं डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर हात सुटले असते. ती नुसती पुढं सरकली, आसनावरून एक तसूभर, आणि खाटेवरून बारीक, झोपेत बुडालेला, पण तिखट आवाज आला.

"अज्जी, गप बस."

चन्नम्माच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निसटलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. सिस्टर रक्त घेत होती. शिवबाई गप बसली. तिला असं गप बसवणारं त्या घरात दुसरं कुणी जन्मलं नव्हतं.

दुसऱ्या सुईला पोरीनं उलट्या केल्या, भांडं धरलं चन्नम्मानं आणि पाठ धरली शिवबाईनं, आणि त्या लांबलेल्या सकाळी दोघी सासूसुना एकमेकींशी चार शब्द बोलल्या ते सगळे भांडं आणि फडकं यांविषयी होते. रक्त मुंबईला गेलं. मुंबईहून उत्तर येईतो ऊन तापायला लागलं होतं. डॉक्टरनं सगळ्यांना बसवून सांगितलं की पहिल्या सुईला ग्रंथी हलली नाही आणि दुसरीलाही हलली नाही. दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, इतके सारखे. नीलव्वाच्या अंगात तो रस जवळजवळ नाहीच. मग तो शिवबाईकडं वळला आणि, चांगलं सांगावं अशा भावनेनं, म्हणाला की आजी, तुमचं वेगळं, हिचं वेगळं. तुमची ठेवणच लहान, तुमच्यात काही कमी नाही. ती तुमच्यावर गेलेली नाही.

ती तुमच्यावर गेलेली नाही! एवढी वर्षं त्या एका वाक्याच्या छत्रीखाली तिनं पोरीला सांभाळलं, जगाच्या जिभा पावसासारख्या बाहेर पडत राहिल्या, आणि आता हा पोरगा येऊन सांगतो की छत्री तुमची नव्हतीच. खोलीत सगळे होते आणि तिला वाटलं आपण पुन्हा एकट्या झालो, पहिल्यासारख्या. पोरीची नजर तिच्या नजरेला मिळाली होती ती नुसती वाटेत थांबली होती म्हणून. कुणी पुढं जाताना सावलीला टेकतं, आणि झाडाला वाटतं, हे आपलंच. ठीक. झाडानं काय रडायचं असतं?

तेवढ्यात विरुपाक्षानं विचारलं की ते औषध बनतं कशाचं. डॉक्टर लपवणारा नव्हता. मेलेल्या माणसांच्या डोक्यातून ती ग्रंथी काढून घेतात, तो म्हणाला, ढोरांची चालत नाही, माणसाचीच लागते. एका पोराला वर्षभर पुरवायचं तर पुष्कळ मेलेली माणसं लागतात. विरुपाक्षाचा चेहरा उतरला. घरी आल्यावर तो बोलायचा थांबेना. आजवर पोरीच्या लग्नाच्या काळजीनं तोच सगळ्यांच्या मागं लागला होता, दवाखाना त्यानंच शोधला होता, आणि आता तोच म्हणत होता की हे आपल्यात बसत नाही. कुणाचं मढं, कुठल्या जातीचं, कशानं मेलेलं. मठात कळलं तर स्वामी काय म्हणतील, कुंभारी गावचे पाहुणे काय म्हणतील. पोरगी बुटकी तर बुटकी. अव्वा बुटकी हाय, तिचं काय अडलं? तो आईकडं वळला, कारण ती आता आपल्या बाजूनं बोलणार याची त्याला खात्री होती. चन्नम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं फक्त सासूकडं बघितलं, आणि त्या बघण्यात विनवणी नव्हती, टांग्यातलंच वाक्य होतं.

सोपं होतं. हो म्हटलं असतं की झालं असतं. दोष मुलाचा, रीत देवाची, आणि पोर रोज सकाळी दारात, समोरासमोर, मरेपर्यंत. शिवबाईनं ते सगळं एकदा नीट बघून घेतलं, हातातून सोडण्याआधी नाणं बघावं तसं.

"तुझा बाप गेला," ती म्हणाली, "त्याला आपण मातीला दिला. पुरता दिला, केसासकट. मातीनं काय केलं रे त्याचं? तिकडं कुणाचं तरी माणूस गेलं, त्यातला हरभऱ्याएवढा तुकडा माझ्या पोरीला देतायत. मातीला दिलेलं चालतंय, पोरीला दिलेलं चालत न्हाय व्हय?"

"अव्वा, लोक..."

"लोकांना माझ्याकडं पाठीव. मी दुकानात बसलेली असती." आणि मग, "माझं काय अडलं म्हणतोस. माझं काय काय अडलं ते तुला ठाऊक न्हाय. मी सांगितलं न्हाय म्हणून ते न्हाय असं न्हाय."

हे एवढं तिनं स्वतःच्या मुलाला पहिल्यांदाच सांगितलं होतं. चन्नम्मा दारातून वळली, आणि आतून परातीत भाकरी थापल्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा जोरात.

कुप्या आल्या त्या आषाढात. आठवड्यातून तीन वेळा सुई, मांडीत, आणि डॉक्टर म्हणाला होता की लगेच काही दिसणार नाही, धीर धरा. नीलव्वा सुई घेताना तोंड वाकडं करायची, पण रडायची नाही. पहिल्या सुईच्या दिवशी दवाखान्यातून परतल्यावर ती मांडी चोळत दुकानात आली आणि आज्जीशेजारी गादीवर बसली. गिऱ्हाईक नव्हतं. पोत्यांवर चिमण्या उतरल्या होत्या आणि शिवबाई त्यांना हाकलत नव्हती.

"अज्जी, मी तुझ्यापरीस उंच होणार?"

"व्हणार."

"मग?"

"मग काय? माझ्याशी बोलायचं तर वाकून बोलायचं. मी काय मान वर करायची न्हाय."

नीलव्वानं थोडा विचार केला. "कंबर दुखंल की माझी."

"दुखू दे," शिवबाई म्हणाली.